बाजाराची बातमी आणि शेतकऱ्याची पट्टी

शिरूर व दौंड या दोन तालुक्यांतील कांहीं सभासदांकडून आमच्याकडे एकच शंका निरनिराळ्या शब्दांत आली आहे. शंका अशी : आज बहुतेकांच्या हातीं मोबाईल आहे, पुण्याचा, चाकणचा, लासलगांवचा भाव घरबसल्या कळतो, असें असतां पट्टी मात्र पूर्वीसारखीच येते. दळणवळणाच्या या नव्या साधनांनीं राष्ट्राची संपत्ति वाढली असें वर्तमानपत्रांत छापून येतें. ती नेमकी कोणाच्या घरीं वाढली? शंका रास्त आहे. यंत्रें चांगलीं किंवा यंत्रें वाईट, अशा एका वाक्यांत तिची वासलात लावतां येण्यासारखी नाहीं. म्हणून जरा विस्तारानें लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रथम एक जुनी हकीकत सांगतों, कारण ती दौंडचीच आहे आणि तालुक्यांतही ती फार थोड्यांस ठाऊक असेल. १९२७ सालीं हिंदुस्थान व विलायत यांच्या दरम्यान 'बीम' पद्धतीची बिनतारी तारसेवा सुरू झाली. इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीनें संदेश पाठविण्याचें केंद्र पुण्याजवळ खडकीस व संदेश घेण्याचें केंद्र दौंडास उभारलें. पलीकडे इंग्लंडांत ग्रिम्सबी येथून संदेश निघत व स्केग्नेस येथें घेतले जात. लघुलहरी चोहोंकडे न उधळतां झोतासारख्या एकाच दिशेस सोडावयाच्या, म्हणजे थोड्या शक्तींत त्या हजारों मैल पोंचतात, हें तिचें तत्त्व. समुद्राच्या तळाशीं टाकलेल्या तारेपेक्षां ही सेवा इतकी स्वस्त पडूं लागली कीं तारवाल्या कंपन्यांचें गिऱ्हाईक तुटलें. १९२९ सालीं विलायतेंत हे दोन्ही धंदे एकत्र करणें भाग पडलें व १९३२ सालीं इकडेही तेंच झालें.

आतां पाहा. लंडनची व्यापारी तार भीमेच्या कांठीं उतरे व तेथून मुंबईस जाई. ज्या मुलखांत ती उतरे त्या मुलखांतला बाजरी-ज्वारी पिकविणारा शेतकरी मात्र आपल्या मालाचा भाव अडत्याच्या तोंडून ऐके. यांत त्या केंद्राचा दोष कांहींच नाहीं. तार ज्याच्या नांवाची त्याला ती मिळे. परंतु बातमी गांवावरून गेली म्हणजे गांवास कळते असें नाहीं, आणि गांवास कळली म्हणजे गांवाच्या हातीं पैसा येतो असेंही नाहीं, हे दोन भेद ध्यानांत ठेविले म्हणजे पुढील विवेचन समजण्यास सोपें जाईल.

याहून जुना दाखला याच मुलखाचा आहे आणि तो कडू आहे. पुण्याहून डिकसळपर्यंतची आगगाडी डिसेंबर १८५८ मध्यें सुरू झाली व दौंड तिच्या मार्गावर आलें. मनमाडचा फांटा १८७८ सालचा. शिरूरास आगगाडी आजतागायत नाहीं. त्याचा सारा व्यवहार पुणें–अहिल्यानगर रस्त्यावर. आगगाडी चालवावयाची तर तारायंत्र बरोबर हवेंच. १८६५ सालीं इराणच्या आखातांतून विलायतेशीं तार जोडली गेली, १८७० सालीं सुएझ-एडनमार्गें समुद्रांतली तार थेट मुंबईस आली. मुंबईच्या पेढ्यांस लिव्हरपूलचा भाव महिन्याऐवजीं कांहीं दिवसांत आणि मग कांहीं तासांत कळूं लागला. याच सुमारास, म्हणजे १८६१ ते १८६५ या अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत, कापसाची तेजी झाली, मुंबई इलाख्यांत पैसा खेळूं लागला आणि सावकारांनीं दख्खनच्या शेतकऱ्यास सढळ हातानें कर्ज दिलें. युद्ध थांबतांच भाव कोसळले व पुढें तगादा सुरू झाला. १२ मे १८७५ रोजीं तेव्हांच्या भिमथडी तालुक्यांतील सुपें येथें दंगा पेटला. तो केडगांवास पोंचला, शिरूर तालुक्यांत पसरला. दंगेकऱ्यांनीं बहुतेक ठिकाणीं मागितले काय, तर कर्जाचे रोखे. आणि हातीं पडले ते जाळले. धान्य किंवा दागिने यांपेक्षां त्यांचा रोख कागदावर होता, कारण त्या कागदांत काय लिहिलें आहे हें लिहिणारास ठाऊक होतें व अंगठा देणारास नव्हतें.

सरकारनें यावर १८७९ सालीं डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट केला. त्यांत रोखा गांवच्या रजिस्ट्रारासमोर लिहिला जावा, भरणा केल्याची पावती मिळावी, हिशेबाची नक्कल मागतां यावी, अशीं कलमें घातलीं. कायद्यानें सर्व कांहीं साधलें असें नव्हे. सावकारानें दुसऱ्या वाटा काढल्याच. परंतु माहिती एकाच बाजूस सांचली म्हणजे व्यवहार कसा विटतो आणि ती दुसऱ्या बाजूस पोंचविण्यास निराळी तजवीज करावी लागते, हें त्या वेळच्या राज्यकर्त्यांसही मान्य करावें लागलें.

आगगाडीचें तसें नव्हे. ती बातमीबरोबर मालही नेते. डेव्ह डोनाल्डसन या अर्थशास्त्रज्ञानें ब्रिटिश अमदानींतील आंकड्यांचा अभ्यास करून २०१८ सालीं जो निबंध छापला, त्यांत एखाद्या जिल्ह्यास आगगाडी पोंचली म्हणजे तेथील शेतीचें खरें उत्पन्न सरासरीनें सुमारें १६ टक्क्यांनीं वाढलें असा निष्कर्ष आहे. हा आंकडा पुढें उपयोगीं पडेल.

राष्ट्रीय उत्पन्नांत दळणवळणाचीं आधुनिक साधनें दोन वाटांनीं शिरतात. पहिली वाट कारखान्याची. रांजणगांवच्या औद्योगिक वसाहतींत विजेचीं घरगुती यंत्रें तयार होतात, आणि ऑक्टोबर २०२२ मध्यें केंद्र सरकारनें तेथेंच इलेक्ट्रॉनिक मालाच्या कारखान्यांचा एक समूह मंजूर केला. यंत्र बनलें, विकलें गेलें, मजुरी वांटली; एवढें उत्पन्न सरळ मोजतां येतें. (त्या कारखान्यांस जमिनी दिलेल्या गांवांचा प्रश्न निराळा आहे, त्याविषयीं पुन्हां केव्हां तरी.) दुसरी वाट वापराची, आणि ती मोजण्यास फार कठीण. रॉबर्ट सोलो या अमेरिकन पंडितानें १९८७ सालीं तक्रार केली होती कीं संगणक जिकडे तिकडे दिसतो, फक्त उत्पादकतेच्या आंकड्यांत दिसत नाहीं. १९९५ नंतर तो तिकडच्या आंकड्यांतही दिसूं लागला. पण ज्या धंद्यांनीं यंत्राबरोबर कामाची रीतही बदलली त्यांतच विशेष. जागतिक बँकेच्या २००९ सालच्या एका हिशेबाप्रमाणें विकसनशील देशांत शंभर माणसांमागें जलद इंटरनेटच्या दहा जोडण्या अधिक असल्या, तर उत्पन्नवाढीचा वार्षिक वेग सुमारें १.३८ टक्क्यानें अधिक आढळतो. हा आंकडा भाषणांतून फार फिरतो. आमचें मत असें कीं तो जपून वापरावा. ज्या देशाचें उत्पन्न झपाट्यानें वाढतें त्यांत जोडण्याही झपाट्यानें वाढतात. कोण कोणास ओढतें हें अशा कोष्टकावरून ठरविणें अवघड. त्यापेक्षां एखादा बाजारच घेऊन पाहावा.

केरळच्या उत्तर किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळांत मोबाईलचे मनोरे टप्प्याटप्प्यानें उभे राहिले. रॉबर्ट जेन्सन यांनीं तेथील तारली मासळीच्या बाजारांचे भाव नोंदून २००७ सालीं त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यांतील एका दिवसाची नोंद बोलकी आहे. १४ जानेवारी १९९७ रोजीं बडागरा येथील किनाऱ्यावर अकरा कोळी, गिऱ्हाईक नाहीं म्हणून, आपली मासळी फेंकून देण्याच्या बेतांत होते. आणि त्याच सकाळीं पंधरा किलोमीटरांच्या आंत दुसऱ्या किनाऱ्यांवर सत्तावीस गिऱ्हाइकें मासळी न मिळाल्यामुळें रिकाम्या हातांनीं परतत होतीं. मनोरे आल्यावर कोळी नावेंतूनच चौकशी करूं लागले व जेथें मागणी तेथें नाव वळवूं लागले. नासाडी जवळजवळ थांबली. कोळ्यांचा नफा सुमारें ८ टक्क्यांनीं वाढला. आणि खाणाऱ्यास मासळी सुमारें ४ टक्क्यांनीं स्वस्त मिळाली. विकणारा व घेणारा दोघेही एकाच वेळीं सुखी झाले, कारण पूर्वीं जी मासळी कुजून जात होती ती आतां पोटांत गेली. राष्ट्राची संपत्ति वाढली असें म्हणतात तें याला.

आतां आपल्या घरचा प्रयोग. २००७ सालींच रॉयटर्स कंपनीनें महाराष्ट्रांत 'रॉयटर्स मार्केट लाईट' नांवाची सेवा काढली. वर्गणी भरली म्हणजे मोबाईलवर बाजारभाव, हवामान व पिकाचा सल्ला येई. मार्सेल फाफशाँ व बार्ट मिंटेन या दोन अभ्यासकांनीं मध्य महाराष्ट्रांतील १०० गांवें निवडलीं. कांहीं शेतकऱ्यांस वर्षाची वर्गणी फुकट दिली, कांहींस दिली नाहीं, आणि दोघांच्या विक्रीची तुलना केली. पिकें आपल्या ओळखीचींच : टोमॅटो, डाळिंब, कांदा, गहूं, सोयाबीन. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा निकाल असा कीं संदेश मिळणाऱ्या शेतकऱ्यांस पदरीं पडलेल्या भावांत व न मिळणाऱ्यांच्या भावांत म्हणण्यासारखा फरक सरासरीनें आढळला नाहीं. पावसानें होणाऱ्या नुकसानींतही नाहीं.

म्हणजे सभासदांच्या मनांत जी शंका आहे ती निव्वळ कुरकुर नव्हे. शंभर गांवांत मोजून पाहतां तोच निकाल निघाला.

एकच साधन केरळांत फळलें व आपल्याकडे फळलें नाहीं, याचें कारण कोठें शोधावयाचें? कोळ्याची नाव हीच त्याची गाडी. ती मालासह समुद्रांत उभी असते, उजवीकडे न वळतां डावीकडे वळण्यास त्याला थोडें इंधन पुरतें. कांदा उत्पादकाची गोष्ट निराळी. समजा, जवळच्या बाजारांत क्विंटलचा भाव १,५०० रुपये व दूरच्या बाजारांत १,७०० रुपये आहे. जवळच्या बाजाराचें टेम्पोचें भाडें १,००० रुपये, दूरच्याचें ३,०००. आणि टेम्पोंत वीस क्विंटल माल मावतो. ज्याच्यापाशीं वीस क्विंटल कांदा आहे त्याला दूर नेल्यानें भावांत ४,००० रुपये अधिक मिळाले व भाड्यांत २,००० अधिक गेले; दोन हजार हातीं राहिले. ज्याच्यापाशीं पांचच क्विंटल आहे त्याला भावांत १,००० अधिक मिळाले व भाड्यांत तेच २,००० अधिक गेले. म्हणजे उलट हजाराची खोट. एकच बातमी, एकाच आळींतले दोघे शेतकरी. एकास ती लाभाची, दुसऱ्यास निरुपयोगी. मात्र पांच पांच क्विंटलांच्या चौघांनीं मिळून एक टेम्पो भरला तर प्रत्येकास पांचशें रुपये सुटतात. गणित काल्पनिक आहे. भाड्याचे व भावाचे आंकडे ज्यानें त्यानें आपले घालून पाहावे.

यांत आणखी एक गांठ आहे. ज्यानें हंगामाच्या आरंभीं अडत्याकडून उचल घेतली आहे, त्याला दुसऱ्या बाजाराचा भाव कळून उपयोग नाहीं. माल कोणाकडे जावयाचा हें उचल घेतांनाच ठरून गेलेलें असतें. आणि भाव उद्यां चढेल असें आज कळलें, तरी उद्यांपर्यंत माल ठेवण्याची सोय हवी. उन्हाळी गावरान कांदा चाळींत चार-सहा महिने टिकतो. खरिपाचा लाल कांदा टिकत नाहीं, तो काढला कीं विकलाच पाहिजे. केंद्र सरकारनें ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हां ही गोष्ट सर्वांनीं अनुभविली. हुकमाची बातमी पाहतां पाहतां गांवोगांव पोंचली, व्यापाऱ्यासही पोंचली, आणि लिलावाचे भाव तत्काळ उतरले. त्या महिन्यांत बाजारांत होता तो खरिपाचाच माल. बंदी ४ मे २०२४ रोजीं उठली, तोंवर तो कांदा केव्हांच विकून गेला होता. बातमी जितकी लवकर आली तितकाच लवकर तोटा कळला, एवढाच तिचा उपयोग झाला.

धान्याच्या बाबतींत हाताशीं एक उपाय आहे, व त्याचा उपयोग आपल्या भागांत व्हावा तितका होत नाहीं असें आम्हांस वाटतें. राज्य कृषि पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९० पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामांत ज्वारी, बाजरी, हरभरा, गहूं, तूर असा माल ठेवावा. त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम वर्षास सहा टक्के व्याजानें मिळते. सहा महिन्यांच्या आंत भाव पाहून माल विकावा व कर्ज फेडावें. ज्याच्या गांठीं ही सोय आहे त्याच्याच मोबाईलवरील भावास कांहीं अर्थ आहे. कारण 'आज विकत नाहीं' असें म्हणण्याची मोकळीक त्यालाच असते.

उसाचा प्रकार याहून वेगळा. ऊस कोणास विकावयाचा हा प्रश्न बहुधा नसतोच. प्रश्न असतो तोडणी केव्हां, वजन किती, पैसे कधीं. या कामीं कोल्हापूर जिल्ह्यांतील वारणानगरचा प्रयोग पाहण्यासारखा आहे. १९९८ सालीं तेथील सहकारी कारखान्याच्या भोवतीं सुमारें ७० गांवांत संगणक बसविले. त्यांवर बाजारभाव, शेतीसल्ला, सरकारी माहिती असें पुष्कळ कांहीं मिळावें असा बेत होता. कांहीं वर्षांनीं पाहणी करणारांस आढळलें कीं लोक ते संगणक मुख्यतः एकाच कामास वापरतात : कारखान्याशीं असलेला आपला हिशेब पाहण्यास. तेव्हां सात गांवांत संगणकाऐवजीं साध्या मोबाईलच्या संदेशांवर तोच हिशेब देऊन पाहिला, आणि शेतकऱ्यांस तो अधिक सोयीचा वाटला. उसाचें वजन, खतांचा हिशेब, तोडणीची चिठ्ठी : ही माहिती लहान खरी, पण ती त्याच्या स्वतःच्या नांवाची होती, आणि ती हातीं असली म्हणजे कारखान्याच्या कचेरींत जाऊन विचारतां येतें. घोड धरणाच्या व खडकवासल्याच्या कालव्यांखालीं ऊस लावणाऱ्या आपल्या सभासदांनीं आपापल्या कारखान्याकडे पहिली मागणी करावयाची ती याच माहितीची करावी. जगाच्या साखरेचा भाव मागाहून कळला तरी चालेल.

जमिनीच्या कागदांतही असाच लाभ आहे. डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून मिळूं लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली व आपल्या शेतांत काय उभें आहे याची नोंद शेतकऱ्यानें स्वतः मोबाईलवर करावयाची झाली. १८७५ सालीं ज्या कागदाच्या अज्ञानापायीं दंगा झाला, त्याच जातीचा कागद आज शेतकऱ्यास स्वतः लिहितां व वाचतां येतो. ज्या दिवसाचें काम बुडवून तलाठ्याच्या कचेरींत खेटे घालावे लागत तो दिवस शेतांत राहिला, हेंही राष्ट्रीय उत्पन्नच. फक्त तें कोणी मोजीत नाहीं. मात्र ज्याच्यापाशीं योग्य मोबाईल नाहीं, किंवा ज्याच्या वस्तीवर तरंगच पोंचत नाहीं, त्याची नोंद राहून जाते व विम्याच्या वेळीं त्याला पायपीट करावी लागते. म्हणून प्रत्येक वाडीवर नोंद करून देणारा एक तरुण सभासदांनीं नेमावा.

अलीकडे ऊसशेतींत मातीचा ओलावा मोजणारीं यंत्रें बसवून 'आज पाणी द्या, उद्यां खत द्या' असे संदेश देण्याचे प्रयोग बारामतीच्या कृषि विज्ञान केंद्रांत चालले आहेत, आणि जून २०२५ मध्यें राज्य सरकारनें शेतींतील कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीं ५०० कोटींचें धोरणही मंजूर केलें. विहिरीवर ठिबक असलेल्यास त्यांचा उपयोग होईल. पण कालव्याच्या शेवटच्या चारीवर ज्याचें शेत आहे, त्याला यंत्रानें मंगळवारीं पाणी द्या म्हटलें तरी पाणी येतें तें आवर्तनाच्या पाळीनें. आगगाडीनें सोळा टक्के दिले आणि संदेशानें कांहीं दिलें नाहीं, याचा अर्थ येथें पुन्हां दिसतो : आगगाडी मालासाठीं होती. पाण्याच्या पाळीची तारीख आधीं नक्की कळणें आणि ती पाळली जाणें, हें झालें तर यंत्राच्या सल्ल्यास तेथें जागा होईल.

आतां भावपत्रक कसें वाचावें याविषयीं थोडें, कारण बरीच निराशा चुकीच्या वाचण्यांतून येते. पत्रकांत आवक, किमान, कमाल व सर्वसाधारण असे रकाने असतात. मित्रमंडळींत फिरतो तो कमाल भाव. आणि तो पुष्कळदां दहा-वीस निवडक पिशव्यांचा असतो. आपण पाहावयाचा तो सर्वसाधारण भाव, व त्याच्या शेजारची आवक. एका दिवसाचा आंकडा पाहून टेम्पो भरूं नये. आठ दिवसांची आवक चढती कीं उतरती हें पाहावें. मग आपल्या पट्टीवरील तारीख, वजन, दर व कपात यांच्याशीं तें ताडावें. फळें, भाजीपाला, कांदा व बटाटा यांची अडत २०१६ पासून शेतकऱ्याकडून घ्यावयाची नाहीं. ती खरेदीदारानें द्यावयाची आहे. ती दुसऱ्या कोणत्या नांवाखालीं कापली गेली आहे काय, हेंही पाहावें. ज्या सभासदांनीं गेल्या हंगामाच्या पट्ट्या जपून ठेविल्या असतील, त्यांनीं त्याच तारखेच्या भावपत्रकाशेजारीं त्या मांडून पाहाव्यात, आणि किलोमागें एक रुपयाहून अधिक अंतर आढळल्यास पट्टीची नक्कल आमच्याकडे पाठवावी.